मागे कोण?

"ताई, मुलांची काळजी तुम्ही सोडा, ती माझ्याकडे लागली. तुम्ही फक्त स्वतः कुठे उभ्या आहात तेवढं बघत जा."

खेळाच्या बाईंनी हे शाळेच्या फाटकापाशी, गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवता सोडवता सांगितलं होतं. भिंगरीच्या आईने ते मनावरच घेतलं नाही. तिला वाटलं, बाई आपल्याला टाळतायत. शिवाय ती काही ऐकायला आलीच नव्हती. ती विचारायला आली होती. पर्समध्ये घडी घातलेला कागद होता आणि त्या कागदावर बावीस प्रश्न होते.

सगळं सुरू झालं ते शाळेच्या एका सूचनेवरून. 'या सत्रात पहिलीच्या मुलांना खेळाच्या तासाला बॅट फिरवण्यास शिकवण्यात येईल. मुलांनी बूट घालून यावे व बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या असाव्यात.'

"नाड्या!" भिंगरीची आई नवऱ्याला म्हणाली. "सव्वीस मुलं, सव्वीस बॅटी, आणि यांना काळजी कसली, तर नाड्यांची!"

"सव्वीस नसतील गं. शाळेत असून असून किती बॅटी असणार? सहा." नवऱ्याने टेबलावरून मान वर न करता सांगितलं.

"एक पुरते."

एक पुरते हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण भिंगरीचा बाबा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर तो त्यात दात बसवायचा, आणि तयार कवळ्या डब्यांत घालून वर चिठ्ठ्या चिकटवायचं काम भिंगरीच्या आईकडे होतं. कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं होतं. त्याचा उपयोग आता एवढाच उरला होता, की कोणाचे किती दात कशाने गेले याची ती मनातल्या मनात टक्केवारी काढायची. जिन्यावरून घसरून इतके. दाराची कड लागून इतके. बाटलीचं झाकण दाताने उघडायला जाऊन तर विचारूच नका. आणि भिंगरीचे वरचे पुढचे दोन दात नेमके आत्ताच हिरडीतून अर्धेमुर्धे डोकावत होते. दुधाचे पडले की त्यांच्या जागी हे येतात. हे पडले की त्यांच्या जागी बाबाच्या टेबलावरचे येतात.

खेळाच्या बाईंनी बावीसपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि चौथ्याला तिला सरळ मैदानावर नेलं. मैदानावर सायकलच्या जुन्या टायरांची सहा कडी मांडलेली होती. दोन कड्यांमध्ये बाईंची दहा मोठी पावलं. प्रत्येक कड्यासमोर वाळू भरलेली एक बाटली, बाटलीच्या तोंडावर मऊ रबरी चेंडू. बॅटी कापून आखूड केलेल्या.

"हे बघा," बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, काटक, आवाज असा की बाटलीवरचा चेंडू हलावा. "मूल कड्यात शिरणार. पाय ठेवणार. पकडणार. मग मान पूर्ण मागे वळवून बघणार आणि ओरडणार, 'मागे कोण?' मागे लांब एक राखणदार मूल असतं. ते चारी बाजूंना बघणार आणि ओरडणार, 'कोणी नाही!' हे ऐकल्याशिवाय बॅट हलायची नाही. मारून झालं की बॅट फेकायची नाही. बॅट म्हणजे बाळ. बाळ अलगद झोपवायचं, आणि मगच कड्याबाहेर पाय. पंधरा वर्षं हे शिकवतेय. आजवर कोणाच्या केसाला धक्का लागलेला नाही."

"पण बाई, समजा राखणदार मुलाने नीट बघितलंच नाही तर? सहा वर्षांचं मूल ते. त्याला काय कळतंय?"

"मुलं नीट बघतात हो. मोठ्यांना सवय नसते."

भिंगरीची आई समजूतदारपणे हसली. पुढचे अठरा प्रश्न तिने परत पर्समध्ये ठेवले. उत्तरांवरचा तिचा विश्वासच उडाला होता.

गुरुवारी तिसऱ्या तासाला ती कुंपणाबाहेर हजर. कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं की हिलाच कोणी आत कोंडलंय.

पहिल्या सहा मुलांत भिंगरी होती. तिने कड्यात पाय ठेवले. ओठ घट्ट मिटून बॅट पकडली. मान इतकी वळवली की आईची मान दुखली. "मागे कोण?" मागून एका बोबड्या आवाजात उत्तर आलं, "कोनी नाई!" भिंगरीने बॅट मागे नेली. आईच्या काळजात धस्स झालं, आणि काळजातलं ते तोंडावाटे बाहेर पडलं.

"भिंगरेऽऽ! सांभाळऽऽ!"

भिंगरीचं नाव भिंगरी उगाच पडलेलं नव्हतं. हाक आली तिकडे ती वळली. म्हणजे ती वळली, तिच्यासोबत बॅट वळली, आणि घामेजलेल्या हातांतून बॅट जी सुटली, ती मैदानाच्या कडेला ठेवलेल्या फक्कीच्या डब्यावर. रेषा आखायची ती पांढरी भुकटी. डबा उडाला. त्याच वेळी मुलांचा खेळ बघायला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कार्यालयाच्या पायऱ्या उतरून तिथवर आल्या होत्या.

भुकटी खाली बसली तेव्हा मोठ्या बाई जागच्या जागी उभ्या होत्या. फक्त पांढऱ्या झाल्या होत्या. चष्मा काढला तेव्हा दोन डोळे तेवढे मूळ रंगाचे दिसले.

"हे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून थोडी भुकटी बाहेर आली, "हे काय आहे?"

"बॅट सुटली, बाई," भिंगरी म्हणाली. "माझी आई सुटली, म्हणून."

संध्याकाळपर्यंत नवा नियम निघाला. यापुढे बॅटच्या प्रत्येक तासाला राखणदार म्हणून एक पालक मैदानावर हवा. पालक नसेल तर बॅटी कपाटात. आणि पालक असूनही एक जरी नोंद अपघाताच्या वहीत झाली, तर बॅटी कायमच्या कपाटात.

पालकांच्या फोनवरच्या गटात ही सूचना पडली. पंचवीस घरांतून पंचवीस अंगठे आले. गुरुवारी सकाळी अकराला मी येतो किंवा येते असं एकाही अंगठ्याने म्हटलं नाही.

"तूच जा," नवरा म्हणाला.

"मी? मीच तर..."

"म्हणूनच."

भिंगरी टेबलाखाली बसून ऐकत होती. तिथूनच बोलली. "आई, तू आली नाहीस तर बॅट कपाटात. आणि तू आलीस आणि ओरडलीस, तरी बॅट कपाटात."

"नाही गं ओरडणार."

"घरी पण ओरडतेस. दूध उतू जातं तेव्हा पण माझंच नाव घेतेस."

यावर नवरा खोकला आला असं दाखवून दुसऱ्या खोलीत गेला.

आता जायचंच, तर तयारीनिशी जायचं. बॅट फिरते तेव्हा नक्की किती जागा घेते, हे भिंगरीच्या आईला आधी मोजून हवं होतं. घरात बॅट नव्हती. लांब दांड्याची छत्री होती. मुलीच्या हाताची लांबी, बॅटची लांबी, अधिक एक पाऊल, अधिक भीतीचं म्हणून आणखी एक पाऊल, असा हिशोब कागदावर मांडून तिने मागच्या खोलीत मधोमध उभं राहून छत्री फिरवली. छत्री हिशोबाप्रमाणे फिरली. फळी मात्र हिशोबात नव्हती. फळीवर वाळत ठेवलेला एका आजोबांच्या खालच्या जबड्याचा साचा खाली आला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

नवरा दारात उभा.

"आई," भिंगरी गंभीरपणे म्हणाली, "तू 'मागे कोण?' विचारलंच नाहीस."

"अगं, मागे कोणी नव्हतंच!"

"आजोबा होते ना."

त्या आजोबांना आणखी चार दिवस पातळ खाण्यावर काढावे लागले. नवऱ्याने डॉक्टरांना फोन करून 'साचा नीट आला नव्हता' असं सांगितलं, आणि फोन ठेवताना बायकोकडे असं बघितलं, की तिने छत्री स्वतः नेऊन कपाटाच्या माथ्यावर टाकली.

पुढच्या गुरुवारी भिंगरीची आई फाटकातून आत आली ती एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचं स्कूटरवरचं हेल्मेट घेऊन. पिशवीत उशा होत्या.

"हे काय?" खेळाच्या बाई.

"हेल्मेट भिंगरीला. उशा बाकीच्यांना आळीपाळीने."

बाईंनी हेल्मेट घेतलं आणि भिंगरीच्या डोक्यावर ठेवलं. भिंगरी हनुवटीपर्यंत दिसेनाशी झाली. आतून घुमटातल्यासारखा आवाज आला, "मागे कोण? पुढे कोण? मी कुठे?"

सगळा वर्ग हसला. हेल्मेट आणि उशा पायरीवर गेल्या, आणि त्यांच्यावर चौकीदाराची मांजर झोपली.

राखणदार मोठं माणूस, तेही एकच, म्हणून सहा कड्यांऐवजी आता एकच कडं चालू ठेवायचं ठरलं. सव्वीस मुलं एका रांगेत. त्यांच्यात भिंगरी सगळ्यात शेवटी.

"तुझी एक पाळी झाली ना, बाळ," बाई म्हणाल्या.

"पण मी मारलंच नाही!"

"बॅट तर हातून गेली. आता शेवटी."

भिंगरीने आईकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर आईला सोसलं असतं. ती नुसती बघत होती, आणि वरचे दोन अर्धे दात खालच्या ओठावर टेकले होते. कड्याची आणि भिंगरीची गाठ पुन्हा पडायची, तर आधी पंचवीस जणांच्या पाळ्या व्हायला हव्यात आणि त्या पंचविसांत एकही अपघात होता कामा नये. तिने ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून बघायचं.

तिथेच घात झाला. पहिला मुलगा ओरडला, "मागे कोण?" भिंगरीच्या आईने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मागे वळून बघितलं. पुन्हा डावीकडे, कारण मधल्या वेळात डावीकडे काही आलं असेल तर?

"थांब!" ती म्हणाली. "चौकीदार येतायत."

चौकीदार मैदानाच्या पार त्या टोकाला नळाशी बादली भरत होता. बादली भरून होईपर्यंत वर्ग थांबला.

"मागे कोण?"

"थांब! कबुतर."

"ताई," खेळाच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "कबुतर चालतं."

"उडून एकदम समोर आलं तर? मूल दचकेल."

कबुतराला घालवायला दोन मुलं धावली. त्यांना परत आणायला तिसरं धावलं. रांग अशी वळवळायला लागली जशी तिला मुंग्या लागल्यात. एक जण दुसऱ्याच्या टोपीवर बसला. दोघी आपसातच 'मागे कोण, कोणी नाही' खेळायला लागल्या आणि टाळ्या पिटायला लागल्या. एकाला शू लागली, ते बघून चौघांना लागली. घंटा झाली तेव्हा चार मुलांच्या पाळ्या झाल्या होत्या.

"बघा, एकाला काही झालं नाही," भिंगरीची आई घाम पुसत म्हणाली.

"अहो, काही झालंच नाही," बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी बाईंनी तिला बाजूला घेतलं. "ताई, मला तुमच्याकडून दोन शब्द हवेत. 'कोणी नाही' किंवा 'थांब जरा'. बाकी हवामान, पक्षी, चौकीदार, काही नको. आणि तुम्ही अशा पुढे पुढे सरकताय, तेही करू नका. ती वीट दिसतेय? तुमची जागा ती. विटेपासून हलायचं नाही."

"हो, बाई."

"तुम्ही कुठे उभ्या आहात ते बघा म्हटलं होतं मी. पहिल्याच दिवशी."

"आहे लक्षात," ती म्हणाली. लक्षात अजिबात नव्हतं.

त्या दिवशी नऊ मुलांच्या पाळ्या झाल्या. म्हणजे तेरा झाल्या. राहिली बारा, आणि भिंगरी. आणि तेवढ्यात बाईंनी जाहीर केलं की बॅटचा पुढचा गुरुवार शेवटचा. त्यानंतर सत्र संपेपर्यंत दोरीच्या उड्या.

तो आठवडा घरात कोणाला धड बसू देईना. भिंगरी जिथे उभी राहील तिथे पाय रोवून, मान वळवून विचारायची, "मागे कोण?" दात घासताना विचारायची. बाबा कवळी घासत असला की त्याच्या पाठीशी येऊन विचारायची, आणि तो दचकून हातातला दात पाडायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोणी नाही!" तिला ते आता इतकं सवयीचं झालं, की दारावरची घंटा वाजली आणि नवऱ्याने आतून विचारलं "कोण आहे गं?" तरी ती म्हणाली, "कोणी नाही!" कुरियरवाला दारात उभा राहून परत गेला.

"तेरावा नंबर," ती नवऱ्याला सांगत होती. "पस्तीस मिनिटं भागिले तेरा. माणशी पावणेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. एक जरी रडलं, एकाला जरी शू लागली..."

"आणि तू जरी कबुतर बघितलंस," नवरा म्हणाला.

शेवटच्या गुरुवारी भिंगरीची आई विटेवर उभी राहिली. कबुतरं होती. तिने ती गिळली. चौकीदार कड्यापासून चांगल्या चाळीस पावलांवरून शिडी घेऊन गेला, तिने डोळे मिटून उघडले आणि म्हणाली, "कोणी नाही!" एक, दोन, पाच, आठ. मुलं मारत होती. बहुतेकांची बॅट बाटलीला लागत होती, चेंडू आपोआप पडत होता, आणि तरी सगळी उड्या मारत होती. खेळाच्या बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, तेव्हा तिला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं. दहा. अकरा. अकराव्याने बॅट झोपवली ती इतक्या मायेने, की तिला थोपटतच बसला. एक मिनिट गेलं. बारावी कड्यात शिरली आणि उजवा हात कुठला तेच विसरली. दोन मिनिटं गेली.

"भिंगरी, चल! दोन मिनिटं आहेत!" बाई म्हणाल्या.

भिंगरी कड्यात आली. पाय ठेवले. पकडलं. आणि आईला विटेवरून दिसलं, की भिंगरीच्या उजव्या बुटाची नाडी सुटलीय.

नाडी! सूचनेतली नाडी! फिरताना ती नाडी डाव्या पायाखाली येणार, मुलगी तोंडावर आपटणार, वाळूची बाटली थेट दातांवर. हे सगळं तिला एका क्षणात अगदी साच्यासकट दिसलं. ओरडायचं नाही हे ठरलेलं. ओरडलं की बॅट कपाटात. 'थांब जरा' म्हणावं तर घंटेला दोनच मिनिटं उरलेली. मग तिने जे केलं ते तिच्या मते फार हुशारीचं होतं. चार ढांगांत, पावलांचा आवाज न करता, ती भिंगरीच्या मागे पोहोचली, खाली वाकली, आणि गुपचूप नाडी बांधायला लागली.

भिंगरीने नियमाप्रमाणे मान वळवली. वर, खांद्यावरून, लांब विटेपर्यंत बघितलं. विटेवर कोणी नव्हतं. मैदान मोकळं होतं.

"मागे कोण?"

भिंगरीच्या आईने गाठ ओढता ओढता डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. चौकीदार नाही, मूल नाही, कबुतरसुद्धा नाही. गेल्या तीन गुरुवारांत मैदान इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. तिने खणखणीत आवाजात, पूर्ण खात्रीने सांगितलं,

"कोणी नाही!"

"ताई!" खेळाच्या बाई ओरडल्या. पण बाईंचं हे ओरडणं आणि बॅटचं मागे येणं एकाच वेळी झालं.

बॅट मागे आली, वाटेत काहीतरी लागलं तसा टक्क आवाज झाला, आणि तीच बॅट पुढे गेली. चेंडू बाटलीवरून असा सुटला, की बाटली जागची हलली नाही. तो रांगेवरून गेला, पायरीवरच्या मांजरीवरून गेला, आणि कुंपणापलीकडे रस्त्यावर जाऊन पडला. मग पंचवीस मुलांनी एकच गिल्ला केला.

भिंगरीने हात वर केले नाहीत. उडी मारली नाही. तिने वाकून बाळ अलगद झोपवलं. कड्याबाहेर पाय टाकला. आणि मगच मागे वळून बघितलं.

आई मातीत बसली होती. एक हात तोंडावर, दुसऱ्या हाताची बोटं अजून गाठ धरल्यासारखी.

"आई! तू इथे?"

"काई नाई, काई नाई," आई म्हणाली. ओठ सुजायला लागला होता, आणि तळहातावर वरच्या पुढच्या दाताचा अर्धा तुकडा होता. तिने मुलीच्या तोंडाकडे बघितलं. दोन अर्धे दात, जसेच्या तसे. "केवढ्या लांब गेला गं चेंडू!"

आणि घंटा झाली.

बर्फ आला, रुमाल आला, आणि त्यांच्या मागून मोठ्या बाई आल्या. काखेत अपघाताची वही. या खेपेला त्या फक्कीच्या डब्याला वळसा घालून आल्या. वर्गाच्या खिडकीच्या गजांमधून सव्वीस तोंडं बाहेर डोकावत होती, आणि एकातूनही श्वास निघत नव्हता. वहीत एक ओळ पडली की बॅटी कपाटात, हे प्रत्येकाला पाठ होतं.

"राखणदार कोण होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी," भिंगरीची आई म्हणाली.

"मग मागे कोण होतं?"

खिडकीतून शिकवल्याप्रमाणे खणखणीत उत्तर आलं, "कोणी नाही!"

खेळाच्या बाईंनी आकाशाकडे बघितलं. 'मी सांगितलं होतं' असं त्यांना म्हणता आलं असतं. पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, विटेचं सांगितलेलं होतं. त्यांनी फक्त शिट्टी मुठीत धरली. पंधरा वर्षांत केसाला धक्का नाही आणि आज हे.

मोठ्या बाईंनी भिंगरीच्या आईकडे निरखून बघितलं. "तुमची तक्रार असेल तर आत्ताच सांगा. लिहून घेते."

भिंगरीच्या आईच्या पर्समध्ये अजून अठरा प्रश्न होते. घडी न मोडलेले. बॅट किती धोक्याची असते याचा पुरावा तर तिच्या मुठीतच होता. तिने खिडकीकडे बघितलं. भिंगरी गजाला हनुवटी टेकवून उभी होती, आणि भिंगरीच्या बुटाची नाडी अजून सुटलेलीच असणार, हेही तिला ठाऊक होतं.

"तक्रार नाई," ती म्हणाली. "मुलीनं सगळं बरोबर केलं. विचारलं. थांबली. बाळ पण झोपवलं. चुकलं असेल तर ते..." ती अडखळली. "राखणदाराचं."

मोठ्या बाईंनी वही उघडली आणि रकाना वाचला. "'जखमी विद्यार्थ्याचे नाव.' तुम्ही विद्यार्थी आहात का?"

"नाई."

"मग," मोठ्या बाईंनी पेन झाकणात घालत म्हटलं, "कोणी नाही."

खिडकीत जो गोंधळ उसळला तो पुढच्या तासाच्या बाईंनाही आवरेना.

घरी नवऱ्याने तुकडा दिव्याखाली धरला आणि चिमट्याने उलटसुलट फिरवला. "किती सरळ तुटलाय! असा स्वच्छ तुटत नाही सहसा."

"तुला कौतुक वाटतंय?"

"तसं नाही गं. दुखतंय का? डॉक्टरांना फोन केलाय, उद्या बोलावलंय. दाताची टोपी मी करतो. रंग तेवढा जुळवावा लागेल." मग तो हळूच म्हणाला, "बाकी सगळ्यांच्या आधी तुझा घेतो हातात."

भिंगरी आईच्या मांडीवर चढली आणि तिने आईचं तोंड उघडायला लावलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. "आपलं दोघींचं सारखंच दिसतंय. तुझा पण अर्धा, माझे पण अर्धे."

"तुझे वाढतील."

"तुझा?"

"माझा बाबा वाढवेल."

भिंगरीने बोटाने आईचा सुजलेला ओठ अगदी अलगद दाबून बघितला, बाळ झोपवतात तसा. "पण आई, मी विचारलं होतं ना? मग तू 'मी आहे' असं का नाही म्हणालीस?"

यावर भिंगरीच्या आईने खूप विचार केला. तिने मैदान पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "मला मी दिसलेच नाही गं," ती म्हणाली.

खेळाच्या बाईंनी पुढच्या सत्रापासून नियमात एक ओळ वाढवली आहे. मूल विचारतं, 'मागे कोण?' राखणदार म्हणतो, 'कोणी नाही!' मग मूल पुन्हा विचारतं, 'आणि तू कुठे?' राखणदाराने हात वर करून आपली जागा दाखवायची. तोवर बॅट हलत नाही. मुलं हे बिनचूक करतात. मोठ्यांना सवय व्हायला वेळ लागतो.

भिंगरीच्या आईचा नवा दात बसला आहे, शेजारच्यापेक्षा एक छटा पांढरा. तो दाखवत तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुम्हीही सगळे कुठे ना कुठे कड्यात उभे असाल, घाईत असाल, आणि जाता जाता विचारत असाल, मागे कोण? मागून कोणी फार खणखणीत, फार खात्रीने 'कोणी नाही, तुमचं चालू द्या' असं म्हणालं, तर बॅट आधी खाली ठेवा. लांबच्या विटेकडे बघू नका, पायापाशी बघा. ती तिथेच वाकलेली असेल, कोणाची तरी नाडी बांधत. तिला विचारा, 'बरी आहेस ना?' आणि ती 'हो' म्हणाली, तर तोंड उघडायला सांगा.